ऑफिसच्या मजल्यावर कासचं पठार: निसर्गदृश्यांवरून बेतलेल्या कार्पेटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफिससाठी कार्पेट बघायला येणारे बरेच जण हल्ली मोबाइलमध्ये एखादा फोटो घेऊन येतात. कासची फुलं, पावसाळ्यातला ताम्हिणी घाट, कोकणातला लाल कातळ. "असं काहीतरी खाली पाहिजे," म्हणतात. मागणी अगदी रास्त आहे, आणि ती नीट पुरीही करता येते. त्यासाठी फोटो जरा बाजूला ठेवून त्या जागेकडे बघायला हवं. त्या निमित्ताने नेहमी निघणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं पुढे देत आहोत.

निसर्गदृश्यावरून बेतलेलं कार्पेट म्हणजे फोटो छापलेलं कार्पेट का?

नाही. पांढऱ्या नायलॉनच्या कार्पेटवर रंगाचे फवारे मारून हुबेहूब फोटो छापणारी यंत्रं आहेत. हॉटेलांच्या बँक्वेट हॉलमध्ये अशी कार्पेटं दिसतात. ऑफिसात मात्र आम्ही त्या वाटेला जाऊ नका असंच सांगतो.

फोटोला वर-खाली असतं, मजल्याला नसतं. कुणी दारातून येतं, कुणी पॅन्ट्रीतून, आणि त्यातल्या निम्म्या लोकांना सूर्यास्त उलटा दिसतो. शिवाय ऑफिसचा मजला कधीच पूर्ण दिसत नाही. टेबलं, खुर्च्या, कपाटं यांच्या मधून तो तुकड्यातुकड्यांनी दिसतो. डोंगराची रेघ एका वर्कस्टेशनखाली शिरते आणि तीन टेबलं ओलांडून बाहेर येते, तेव्हा तिथे डोंगर उरत नाही, नुसता डाग दिसतो.

निसर्गाकडून घ्यायच्या गोष्टी तीन: रंगांचं एकमेकांशी प्रमाण, ते विखुरण्याची रीत आणि पोत. एवढं नीट उचललं तर एकही फूल न काढता कासचा मजला होतो.

प्रमाण म्हणजे काय, ते कासच्याच उदाहरणाने सांगाल का?

कास हे उदाहरण म्हणून उत्तमच आहे. साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवरचं हे पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. खाली कातळ आणि वर जेमतेम मातीचा थर. मोठी झाडं तिथे मूळ धरू शकत नाहीत, म्हणून ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये लहान फुलांचं राज्य येतं. तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा, गेंदाचा पांढरा.

आता पायवाटेच्या कडेला उकिडवं बसून हातभर जमीन वरून न्याहाळा. पहिल्यांदा दिसतो तो काळपट कातळ, त्यावर करड्या दगडफुलाचे चट्टे. खाचेत साचलेलं पाणी, कडेला तांबूस माती, तिच्यावर बोटभर उंचीचं गवत. त्यातून सुतासारख्या देठांवर वर आलेली गेंदाची पांढरी बटणं आणि पाच-सात निळे ठिपके. फुलांचा रंग त्या हातभर जागेत अगदी थोडा असतो. मग उभं राहून लांब नजर टाका. तीच फुलं एकमेकांमागे दाटतात, मधली जमीन दिसेनाशी होते आणि सगळा उतार निळा-पांढरा होतो.

मजल्यावरही हेच घडतं. उंच-सखल लूपच्या (म्हणजे सुताच्या न कापलेल्या वेटोळ्यांच्या) कार्पेटमध्ये उंच लूपचा रंग लांबून, तिरक्या नजरेला जास्त दिसतो, तर जवळून खाली बघितलं की सखल लूपचा रंग डोळ्यांत भरतो. म्हणून कासवरून कार्पेट बेतताना सखल लूपला कातळाचा राखाडी आणि मातीचा तपकिरी, मधल्या उंचीला शेवाळी हिरवा आणि सगळ्यात उंच लूपला फुलांचा रंग देतो. आमचा ढोबळ हिशोब असा: कातळ-माती सुमारे ७० टक्के, हिरवा २० ते २५ आणि उरलेली फुलं. फुलांचा वाटा १० टक्क्यांवर गेला की पठार हरवतं आणि लग्नाचा मांडव दिसायला लागतो.

ही कल्पना नवीन आहे का?

मुळीच नाही. प्राचीन इराणचा सासानी सम्राट खुस्रो याच्या, आजच्या बगदादजवळच्या तेसिफोनमधल्या राजवाड्यात वसंतातली बाग विणलेला एक प्रचंड गालिचा होता आणि सातव्या शतकात अरब सैन्याने राजवाडा जिंकल्यावर तो कापून वाटून घेतला, असं जुन्या इतिहासकारांनी नोंदवलं आहे. पुढे इराणात चारबागेचे, म्हणजे पाटांनी चार भागांत वाटलेल्या बागेचे, गालिचे विणले गेले. जयपूरच्या अल्बर्ट हॉल संग्रहालयात त्यातला एक आहे, १६३२ सालची नोंद असलेला. पाण्याचे पाट, त्यातले मासे, सुरूची झाडं, पक्षी, आणि मधोमध हौद. जयपूरला जाणं झालं तर त्याच्यासमोर थोडा वेळ उभे राहा. इराणी बाग वरून बघितली तर कशी दिसेल, ते त्या विणकरांनी मांडलं आहे. मजल्यासाठी तोच कोन योग्य आहे.

ऑफिसच्या कार्पेटला वळण मिळालं ते २००० साली. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या इंटरफेस कंपनीचे संस्थापक रे अँडरसन यांनी १९९४ पासून कारखान्याचा पर्यावरणावरचा भार कमी करायचं मनावर घेतलं होतं. त्यांच्यासाठी काम करणारे डिझायनर डेव्हिड ओकी यांनी सहकाऱ्यांना जंगलात जाऊन जमीन बघायला सांगितली. पानं, काटक्या, दगड कसे पसरतात ते बघा, एवढंच. जंगलातली कुठलीही दोन ठिकाणं सारखी नसतात, तरी सगळं मिळून एकजीव दिसतं. त्यातून 'एंट्रॉपी' नावाची मालिका निघाली. तिच्यात प्रत्येक टाइल, म्हणजे कार्पेटचा सुटा चौकोनी तुकडा, थोडी वेगळी होती आणि ती कुठल्याही दिशेने बसवता येत होती. ती भरपूर खपली. आज बाजारात दिसणारी 'रँडम' डिझाइनं बरीचशी याच वाटेवरची आहेत.

टाइल घ्यावी की रोल?

ऑफिससाठी टाइल. साधारण मापं ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन आणि २५ बाय १०० सेंटिमीटरची पट्टी. लिफ्टने वर नेता येतात, मजल्याखालची वायरिंग काढायची झाली तर तेवढ्याच टाइल उचलता येतात, आणि चहा सांडला म्हणून अख्खी खोली उकलावी लागत नाही. केबिन किंवा बोर्डरूममध्ये सांध्याशिवाय पसरलेलं कार्पेट हवं असेल तरच रोलचा विचार करावा.

निसर्गाच्या डिझाइनला टाइलचा आणखी एक मोठा फायदा होतो. टाइलच्या पाठीवर दिशेचा बाण असतो. सगळे बाण एका दिशेला ठेवले तर मजला एकसंध दिसतो. एकाआड एक टाइल काटकोनात फिरवली की बुद्धिबळाचा पट होतो. विटांसारखा सांधा सरकवता येतो. आणि बाण न बघता हाताला येईल तशी लावली तर जंगलाची जमीन होते. हा चौथा प्रकार फक्त त्यासाठीच काढलेल्या डिझाइनला चालतो. साध्या रेघांच्या टाइलवर करून बघितला तर फिटरने घाईत लावल्यासारखं दिसतं.

एक टाइल खराब झाली आणि नवीन बसवली, तर ठिगळ दिसेल का?

एकरंगी कार्पेटात हमखास दिसतं. सूत एकाच कंपनीचं, क्रमांक तोच, तरी वेगवेगळ्या खेपांत रंगवलेल्या सुतात बारीक फरक राहतो, आणि जुन्या टाइलवर दोन वर्षांची वर्दळही झालेली असते. विखुरलेल्या डिझाइनमध्ये शेजारच्या दोन टाइल मुळातच वेगळ्या असल्यामुळे तिसरी वेगळी आलेली कळत नाही.

१००० चौरस फुटांच्या ऑफिसला किती टाइल लागतील?

१००० चौरस फूट म्हणजे ९२.९ चौरस मीटर. ५० सेंटिमीटरच्या चार टाइल मिळून एक चौरस मीटर, म्हणजे ३७२ टाइल. कडेच्या कापाकापीसाठी ५ टक्के धरले की ३९१. खोक्यात २० टाइल येत असतील तर २० खोकी. खोक्यातली संख्या कंपनीनुसार बदलते, तेवढी विचारून घ्या. गोल भिंती किंवा बरेच खांब असतील तर कापाकापी वाढते. दिशा न पाळणाऱ्या डिझाइनमध्ये कापून उरलेला तुकडा फिरवून दुसऱ्या कडेला वापरता येतो, त्यामुळे वाया कमी जातं.

फोटोत चाळीस रंग आहेत. कार्पेटात किती येतील?

कार्पेट बनवणाऱ्या टफ्टिंगच्या यंत्रात शेकडो सुया एका ओळीत असतात. त्या खालच्या कापडातून सूत ओवत जातात, आणि मागून थर देऊन ते पक्कं केलं जातं. एका डिझाइनमध्ये बहुधा तीन ते सहा रंगांची सुतं असतात. उरलेल्या छटा उंचीतून आणि मिश्रणातून उभ्या राहतात. दोन-तीन रंगांचे धागे एकत्र पिळलेलं सूत लांबून चौथ्याच रंगाचं दिसतं.

म्हणून चाळीस रंगांतून पाच निवडायचं काम आधी करावं लागतं. फोटो संगणकावर घेऊन अगदी धूसर करा, इतका की आकार जाऊन नुसते रंगांचे ढग उरतील. जे रंग तरीही टिकतात ते तुमचे मूळ रंग. मग मूळ फोटोत परत जाऊन जो एक रंग नजरेला टोचतो तो उचला. तो झाला फुलाचा.

एवढ्या रंगांनी डोळ्यांना त्रास नाही का होणार?

होऊ शकतो, आणि या प्रश्नाकडे फार कमी लोक लक्ष देतात. दिवसाचे आठ-नऊ तास जो मजला कडेच्या नजरेत असतो तो शांतच असायला हवा.

काळ्या-पांढऱ्या किंवा तशाच ठळक फरकाच्या, सारख्या अंतराच्या रेघा टाळा. मायग्रेन असणाऱ्यांना अशा रेघा खरोखर त्रास देतात. निसर्गात इतक्या नेमक्या रेघा क्वचितच सापडतात, त्यामुळे मुळाशी इमान राखलं तर हा धोका आपोआप टळतो.

गडद रंगाचे मोठे डबके करू नका. तळ्याची कल्पना कागदावर सुंदर दिसते, पण नजर अधू असलेल्या किंवा वयस्कर माणसाला फिक्या मजल्यातला गडद पट्टा खड्ड्यासारखा किंवा पायरीसारखा भासतो आणि पाऊल अडखळतं. तळं हवंच असेल तर आजूबाजूच्या मजल्याइतक्याच उजेडाचा निळा घ्या आणि त्याची कड दोन-तीन टाइलमध्ये हळूहळू विरू द्या.

संपूर्ण मजला फार गडद झाला तर खोली अंधारते आणि दिवे वाढवावे लागतात. मजल्याने प्रकाशाचा साधारण २० ते ४० टक्के भाग परतवावा, हा ऑफिसच्या प्रकाशयोजनेतला रुळलेला हिशोब आहे. नमुन्याच्या माहितीपत्रकात हा आकडा बहुधा दिलेला असतो.

शिवाय लाल आणि हिरव्यातला फरक नीट न दिसणारे लोक, विशेषतः पुरुष, कुठल्याही मोठ्या ऑफिसात असतात. 'हिरव्या पट्ट्यावरून जा, लाल पट्ट्यावर थांबा' अशी खूण मजल्यावर करायची असेल तर तिच्यात उजेड-काळोखाचाही फरक ठेवा.

वेगवेगळ्या जागांना वेगवेगळे रंग द्यावेत का?

द्यावेत, पण डोंगर-दरीसारखे एकातून एक निघालेले. जिथे लोक एकाग्र होऊन काम करतात तिथे कातळ आणि गवत, फुलं जवळजवळ नाहीतच. येण्याजाण्याची वाट जरा फिकी, पायवाटेसारखी. चार लोक उभ्याने बोलतात त्या कोपऱ्यात, पॅन्ट्रीबाहेर, लिफ्टसमोर फुलांना मोकळीक. मूळ रंग सगळीकडे तोच ठेवला तर भिंतीशिवायही जागा वेगळ्या कळतात. खुल्या ऑफिसात नवीन आलेल्या माणसाला याची फार मदत होते.

प्रत्येक विभागाला वेगळं निसर्गदृश्य देऊ नका. अकाउंट्सला वाळवंट आणि मार्केटिंगला समुद्र दिला की सांध्यावर दोन्ही विद्रूप होतात.

कासशिवाय आपल्याकडची आणखी कुठली दृश्यं मजल्यावर चांगली उतरतात?

कोकण-गोव्याचा जांभा सगळ्यात आधी. विटकरी, गेरू, मध्येच काळं छिद्र, पावसात त्यावर धरलेलं पोपटी शेवाळ. तो पोत लूपच्या कार्पेटसाठीच घडवल्यासारखा आहे, आणि बाहेरून येणारी लाल मातीही त्यात लपते.

देशावरचं उन्हाळी माळरान आम्हाला फार आवडतं आणि ते फार कमी लोक मागतात. वाळल्या गवताचा भुरा, काळ्या दगडाचे ठिपके, फेब्रुवारी-मार्चमध्ये एखाददुसऱ्या पळसाचा केशरी. डोळ्यांना अत्यंत आरामाचं, आणि पाच वर्षांनी जुनाट न वाटणारं.

सह्याद्रीचा पावसाळा अवघड आहे. हिरव्यावर हिरवा चढतो आणि ट्यूबलाइटखाली सगळं आजारी दिसायला लागतं. त्यात धुक्याचा राखाडी निम्म्याहून जास्त घाला, मग जमतं.

लोणारचं तळं २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं होतं, खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे. त्या फोटोंनंतर तो रंगही मागितला जातो. छोट्या बैठकीच्या खोलीत, काळ्या बेसाल्टच्या कड्यासह तो देखणा दिसतो. चाळीस माणसांच्या हॉलमध्ये घालू नये.

सूत कुठलं घ्यावं?

वर्दळीच्या ऑफिसला नायलॉन, आणि तेही सूत ओढण्याआधी वितळलेल्या प्लास्टिकमध्येच रंग मिसळलेलं. गाजर कापलं तर आत जसं केशरीच असतं, तसा त्यात रंग आरपार असतो. खिडकीच्या उन्हाने तो लवकर विटत नाही आणि डाग काढतानाही टिकतो. पॉलिप्रॉपिलिन स्वस्त पडतं, पण दाबाखाली त्याचा लूप बसतो आणि परत उठत नाही. खुर्चीच्या चाकांखाली सहा महिन्यांत चकचकीत गोल पडतात. उंच लूपला दिलेली सगळी फुलं तिथे चिरडतात, म्हणून आपल्या या प्रकारात तर ते टाळाच.

पावसाळ्यात बसवलं तर चालतं का? कोकणात, गोव्यात टिकतं का?

टिकतं, कोबा कोरडा असेल तर. ओल बहुधा खालून येते, आणि टाइलच्या पाठीचा थर ती कोंडतो. मग गोंद सुटतो, कडा उचलतात, वास येतो. तळमजल्यावर आणि नव्या स्लॅबवर ही तपासणी कराच: दीड फूट चौकोनी प्लास्टिकचा जाड कागद चारही कडांनी टेप लावून जमिनीला चिकटवा आणि किमान १६ तास तसाच ठेवा. उचलल्यावर आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा जमीन काळवंडली असेल तर थांबा. फिटर म्हणेल, "काही होत नाही, पंखा लावू." ऐकू नका.

दाराशी किमान चार-पाच पावलं पडतील एवढं खरबरीत मॅट हवं. रंग मॅटच्या पुढे सुरू होऊ द्या.

कार्पेट घातल्यावर ऑफिस शांत होईल?

पावलांचा, खुर्च्या सरकवण्याचा, टाचांचा आवाज खूप कमी होतो. खालच्या मजल्यावरचे लोकही आभार मानतात. बोलण्याचा आवाज मात्र पातळ ऑफिस कार्पेट फारसा शोषत नाही. त्यासाठी छत आणि भिंतींवर काम करावं लागतं.

साफसफाई कशी ठेवायची?

वर्दळीच्या वाटांवर रोज व्हॅक्यूम, बाकी ठिकाणी एकाआड एक दिवस. काही सांडलं तर टिपून घ्या, चोळू नका. चोळलं की लूप फिसकटतो आणि डाग गेला तरी तिथली खूण राहते. वर्षातून एकदा-दोनदा यंत्राने खोल धुलाई, पण भर पावसाळ्यात नको, वाळायला फार वेळ लागतो. मध्यम गडद, अनेक रंगी मजल्यावर धूळ दिसत नाही. ही सोय आहे तसाच धोकाही, म्हणून दिसत नाही म्हणून झाडायचं राहून गेलं असं होऊ देऊ नका.

निसर्गाचं डिझाइन म्हणजे कार्पेट पर्यावरणपूरक का?

अजिबात नाही, आणि हे विक्रेत्याकडून कळण्याची शक्यता कमी आहे. जंगलासारखी दिसणारी टाइलही पेट्रोलियमपासून केलेली आणि शेवटी कचऱ्यात जाणारी असू शकते. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. सूत पुनर्वापराचं आहे का? पाठीचा थर कशाचा आहे? जुनी टाइल कंपनी परत घेते का? आणि घेते म्हणजे भारतातून घेते का?

चांगली उदाहरणं आहेत. इटलीच्या अक्वाफिल कंपनीचं इकोनिल हे नायलॉन टाकलेली मासेमारीची जाळी आणि जुनी कार्पेटं पुन्हा मूळ रसायनापर्यंत विघटित करून बनवतात. इंटरफेसने लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेबरोबर २०१२ साली फिलिपिन्सच्या किनारी गावांत 'नेट-वर्क्स' सुरू केलं. तिथे कोळी कुटुंबं समुद्रात पडलेली जाळी गोळा करून विकू लागली आणि त्या जाळ्यांचं सूत होऊ लागलं.

रिसेप्शनसाठी हाताने विणलेलं काही घेता येईल का?

जरूर घ्या. उत्तर प्रदेशातल्या भदोहीच्या गालिच्यांना २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तिथले कारागीर दिलेल्या रेखाटनावरून लोकरीत काम करतात, आणि यंत्राची पाच-सहा रंगांची मर्यादा त्यांना नाही. सगळ्या ऑफिसला टाइल आणि रिसेप्शनला त्याच रंगांतला एक भदोहीचा गालिचा, हा मेळ पैशाच्या हिशोबातही बसतो. मात्र विणायला वेळ लागतो. उद्घाटनाच्या आधी पुरेसे महिने हातात ठेवा.

सॅम्पल कसं निवडायचं?

हातात धरून नाही. तळहाताएवढ्या तुकड्यावरून विखुरलेलं डिझाइन कळूच शकत नाही. निदान सहा ते नऊ पूर्ण टाइल मागवा, तुमच्याच ऑफिसात तुमच्याच दिव्यांखाली जमिनीवर मांडा आणि दहा पावलं मागे जाऊन बघा. दुकानाच्या पिवळसर उजेडात मातकट दिसलेला रंग ४००० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली राखाडी पडू शकतो. सकाळी एकदा, दुपारी खिडकीतून ऊन आल्यावर एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा बघा. मग त्यावर एक खुर्ची ठेवून दोन-तीन दिवस कुणालातरी बसू द्या, आणि त्याचं मत विचारा. ऑर्डर देताना हिशोबापेक्षा एक-दोन खोकी जास्त घ्या. ती स्टोअररूममध्ये सपाट ठेवा, उभी नाही, उभ्या ठेवलेल्या टाइलच्या कडा वाकतात.